मागून चालणाऱ्या गौराक्का

गाईडनं लोकांच्या पुढं चालायचं असतं. हातात छोटा झेंडा धरायचा, अधूनमधून वळून बघायचं आणि मोठ्यानं बोलायचं. नळदुर्गच्या किल्ल्याची डागडुजी होऊन तो पर्यटकांसाठी खुला झाला, तेव्हा गावातल्या मुलांसाठी गाईडचं प्रशिक्षण ठेवलं होतं. तिथं पहिल्याच तासाला आम्हाला हे शिकवलं आणि पहिल्याच तासाला गौराक्कांनी त्यावर हात वर केला.

"सर, गाईड फुडं चालला, तर मागं कोण पडलं, कुणाची चप्पल तुटली, कोण दम खात बसलं, हे त्याला दिसायचं कसं? त्याच्या पाठीला डोळं हायत का?"

सगळा हॉल हसला. सर पुण्याहून आलेले होते. तेही हसले आणि म्हणाले, "मॅडम, गाईड पुढं नसला तर लोक चुकतील."

"चुकंनात का! किल्ल्याला चारी अंगानं भिंत हाय. जात्यात कुठं?"

मी त्यांच्या शेजारीच शेवटच्या बाकावर बसले होते. खरं तर तिथं मी का आले होते हे मलाही नीट माहीत नव्हतं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेलं माझ्याआधी कुणी नाही. वडील हायवेवरच्या ढाब्यावर तंदूर सांभाळतात. इंग्रजीच्या सरांनी माझं नाव परस्पर दिलं होतं, आणि चार माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडायची. शेजारी ही पन्नाशीची बाई. इरकली लुगडं, कपाळाला विभूतीची पुसट रेघ आणि पायात मुलाचे जुने पांढरे बूट. मी हळूच विचारलं, "तुम्ही पण गाईड होणार?"

"लेकीचं नाव दिलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तिचं लगीन ठरलं, गेली ती सोलापूरला. जागा रिकामी कशाला ठेवायची म्हणून म्या आले."

त्यांच्या यजमानांचं, शिवलिंगप्पा मामांचं, पेठेत किराणा दुकान आहे. गौराक्का नवऱ्याचं नाव कधी घेत नसत. "अहो" किंवा "आमचे हे" असंही म्हणत नसत. त्या नवऱ्याला 'दुकान' म्हणायच्या. "आज दुकान रागावलंय." "दुकानाला सांगून येते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दुकानात काहीतरी बिघाड झाला असेल.

प्रशिक्षण संपलं, बॅज मिळाले, आणि गौराक्का आपल्या पद्धतीनंच काम करू लागल्या. पर्यटक दरवाजातून आत आले की त्या हात लांब करून सांगायच्या, "ते चिंचंचं झाड दिसतंय ना, तिथं जावा. म्या आलेच." लोक पुढं जायचे. त्या सगळ्यात शेवटच्या माणसाबरोबर चालत यायच्या. तो शेवटचा माणूस कधी गुडघे धरलेली आजी असायची, कधी कडेवर पोर घेतलेली बाई, तर कधी नुसताच मोबाईलवर बोलत रेंगाळणारा एखादा माणूस. तो येईपर्यंत त्या गोष्ट सुरू करायच्या नाहीत. पुढं पोचलेले ताटकळायचे. कुणी म्हणायचं, "सांगा की मावशी, ते येतील मागून." त्यावर त्या नुसतं हसायच्या. दोन ठिकाणं झाली की पुढचे लोक आपोआप सावकाश चालू लागायचे, कारण घाई करून उपयोग नाही हे त्यांना कळलेलं असायचं.

इतिहासात त्या फार पक्क्या नव्हत्या. सनावळ्या तर त्यांच्या लक्षातच राहत नसत. मध्येच त्या मला हाक मारायच्या, "सुवर्णा, ते आदिलशहाचं साल सांग गं." मी दोन पावलं पुढं येऊन साल सांगायची आणि परत मागं जायची. पुढं पुढं त्या सालाबरोबर एक वाक्य, मग दोन वाक्यं मागायला लागल्या. एकदा एक निवृत्त गृहस्थ आले होते. त्यांनी भर लोकांत अक्कांना अडवलं. "बाई, तुम्ही चुकीचं सांगताय. हा बुरूज त्या काळातला नाही."

मला वाटलं, आता अक्का ओशाळतील. पण त्यांचा चेहरा खुलला. "व्हय? मग तुमीच सांगा की! या, फुडं या. आमी समदे ऐकतो." आणि त्या खरोखर खाली दगडावर बसल्या, पदर सावरून, शाळेतल्या मुलीसारख्या. गृहस्थ आधी गडबडले, मग रंगात आले. त्यांनी पुष्कळ वेळ सांगितलं आणि चांगलं सांगितलं. जाताना अक्कांना हात जोडून गेले. अक्का मला म्हणाल्या, "बग, त्यांच्या पोटात किती दिसांचं साठलं व्हतं."

एक गोष्ट मात्र त्या कधी चुकवत नसत. किल्ल्याची बरीच पडझड नव्यानं बांधून काढली आहे. काही ठिकाणी जुना दगड आणि नवा दगड एकमेकांना खेटून बसले आहेत. चुना अजून पांढरा दिसतो. शाळेची सहल आली होती, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "हा किल्ला खरा आहे का नवा बनवलाय?" तिच्या बाई तिला दटावायला लागल्या. अक्कांनी मुलीचा हात धरून भिंतीपाशी नेलं.

"ह्यो दगूड हाय ना काळा, ही सासू. आणि ह्यो पांढरा, ही नवी सून. आत्ताच घरात आली हाय, अजून मुरली न्हाय. दहा-बारा पावसाळं खाऊ दे अंगावर, मग तुला बी वळखायचं न्हाय सासू कोण आन् सून कोण."

"मग ती पण खरी?" मुलीनं विचारलं.

"अगं, घर तिनंच धरलंय आता! म्हातारी काय एकटी उभी ऱ्हाती व्हय?"

किल्ल्यातला पाणी महाल बघायला लोक लांबून येतात. नदीला बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात महाल आहे. पावसाळ्यात बांधावरून दोन धबधबे कोसळतात, नर आणि मादी. फोटो सगळ्यांनी त्यांचेच पाहिलेले असतात. पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तिथं पाणी पडत नाही. लोक फोनमधला फोटो वर करून बघतात, समोरचा कोरडा बांध बघतात आणि तोंड पाडतात. आम्ही बाकीचे गाईड त्या वेळी कावरेबावरे व्हायचो. अक्का शांतपणे सांगायच्या, "पाणी माहेरी गेलंय. आखाडानंतर येतंय परत. तवर तिचं घर बगून घ्या." लोक हसायचे, आणि मग कोरडा बांध निरखून बघायचे.

मागून चालण्याची सवय त्यांना कशी लागली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आमच्याकडं खंडोबा वर्षातले काही महिने अणदूरला असतो आणि काही महिने नळदुर्गात. देवाला एका गावाहून दुसऱ्या गावी आणतात, तेव्हा माणसं बरोबर चालत येतात. अक्का नव्या नवरी होत्या. माहेर कर्नाटकातलं, मराठीचा एक शब्द येत नव्हता. वाटेत चपलेचा अंगठा तुटला म्हणून त्या कडेला बसल्या. मान वर करून बघतात तर घरची सगळी माणसं पुढं गेलेली.

"मग विचारलं नाही कुणाला?"

"लोकच मला विचारत व्हते की! कुणाच्या घरची गं तू? तेवढं मला कळायचं. पर म्या नाव घेणार कसं? नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाय, सासऱ्याचं घ्यायचं न्हाय, आडनाव आठवंना. म्या नुसती मुंडी हलवायची. लोकांना वाटलं पोरगी मुकी हाय. एका बाईनं तर माझ्या पुढ्यात परसाद ठिवला आन् गेली."

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "सासू परत आली हुडकत. एकलीच, उलट्या वाटंनं. काय बोलली न्हाय मला. पर त्या सालापासनं ती समद्यांच्या मागनं चालायची. ती गेल्यावर मंग म्या."

जहाजाचं प्रकरण त्यानंतरच्या हिवाळ्यात सुरू झालं.

परदेशी पर्यटकांची मोठी जहाजं मुंबईला लागतात आणि तिथून गोव्याकडं जातात. काही प्रवासी मुंबईत उतरून रस्त्यानं मुलूख बघत गोव्यापर्यंत येतात आणि तिथं पुन्हा जहाजावर चढतात. मुंबईच्या एका टूर कंपनीनं ठरवलं की ही मंडळी रेल्वेनं सोलापूरला आणायची, सकाळी नळदुर्ग दाखवायचा आणि दुपारनंतर विजापूर. पहिली खेप नीट झाली तर हंगामभर प्रत्येक जहाजाचे लोक येणार होते. त्यासाठी त्यांना एकच गाईड कायमचा हवा होता. अनुभव बघून त्यांनी गौराक्कांना निवडलं. इंग्रजीत मदत करायला म्हणून मला बरोबर घेतलं. परीक्षेच्या गडबडीत माझा बॅज वेळेत नवा करून घ्यायचा राहिला होता, तो अजून यायचा होता, त्यामुळं जबाबदारी सगळी त्यांची.

आदल्या दिवशी मी दुकानात गेले, तेव्हा शिवलिंगप्पा मामा वजनकाट्याला डोळे लावून बसले होते. मला बघून म्हणाले, "ये. हिला तूच सांग समजावून. मला ह्या काट्याचा आकडा आता दिसंना. डॉक्टर म्हणतो हळूहळू आजून कमी हुईल. मी म्हणतो, एवढी खेप बघ. जहाजवाल्यांनी कायम केलं तर मी दुकानाला गडी ठेवतो, हिनं खुशाल हिंडावं किल्ल्यात. न्हायतर हिनं गल्ल्यावर बसायचं. मी काय वावगं बोलतो का?"

ते वावगं बोलत नव्हते. अक्काही तसं म्हणाल्या नाहीत. त्या डाळ निवडत होत्या. "कबूल हाय," एवढंच म्हणाल्या. पण मला पोचवायला ओट्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात बोलल्या, "सुवर्णा, उद्या म्या फुडनं चालणार. झेंडा घिऊन. परसात चालून बघितलं. जमतंय." त्यांना ते काम किती हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. तीस वर्षं दुकानामागच्या खोलीत काढलेली बाई होती ती. किल्ल्यात आल्यावर त्यांच्या पावलांना वेगळाच जोर चढायचा.

सकाळी बस आली. टूर मॅनेजर चिन्मय म्हणून तरुण मुलगा होता. वागायला चांगला, पण सारखा घड्याळाकडं बघणारा. त्यानं अक्कांना बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, साडेअकराला गाडी सुटलीच पाहिजे. विजापूर संध्याकाळी बंद होतं, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. दरवाजा, बाग, राणी महाल, उपळी बुरूज, पाणी महाल, सगळं झालं पाहिजे. छापील प्रोग्रॅममध्ये आहे."

"व्हतंय की," अक्का म्हणाल्या. त्यांनी झेंडा उंच धरला आणि खरोखर पुढं निघाल्या. मला हसूही येत होतं आणि धाकधूकही वाटत होती. लोक त्यांच्या मागं चालले. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, पण तुकतुकीत, गॉगल लावलेले. दरवाजापर्यंत अक्कांनी एकदाही मागं बघितलं नाही. मान ताठ धरलेली मला दिसत होती.

दरवाजात त्या थांबल्या आणि वळल्या. लोकांकडं नजर फिरवली. मग लांब उभ्या असलेल्या बसकडं.

"त्या खिडकीत कोण हाय?"

चिन्मय म्हणाला, "त्या हेलन मॅडम. त्यांना चालायला त्रास होतो. त्या बसमध्येच बसतात."

अक्का परत बसकडं चालू लागल्या. मी त्यांच्या मागं धावले. आत एक ऐंशीच्या घरातली बाई बसली होती, पांढऱ्या केसांची, जवळ दोन काठ्या. अक्कांनी हात हलवून विचारलं, "यू, नो कम?"

हेलनबाई हसून म्हणाल्या ते मी मराठीत सांगितलं. "मी फार हळू चालते. सगळ्यांचा वेळ जातो. काही हरकत नाही. प्रत्येक बंदरावर मी बसमध्येच असते. तुम्ही मला विचारा, कुठल्या देशातल्या बसच्या सीटा कशा असतात, मी सगळं सांगीन."

ती बाई गमतीत बोलत होती. अक्काही हसल्या. पण मग त्यांनी पेठेच्या बाजूला बघितलं, जिकडं दुकान होतं. मग झेंडा माझ्या हातात दिला.

"हे धर. तू फुडं चाल. पर ह्या बाईची पावलं बगून."

चिन्मय धावतच आला. "अक्का, प्लीज. त्यांना सवय आहे. ड्रायव्हरला सांगतो, चहा-बिस्किट देऊ."

"चहा-बिस्किट तिला जहाजावर बी मिळतं."

"पण प्रोग्रॅम—"

"प्रोग्रॅममधी ती बी हाय की. तिनं बी तिकीट काढलंय."

चिन्मय चिडला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, लोकांनी तक्रार केली तर पुढचे ग्रुप दुसऱ्या गाईडकडं जातील. मला वरून विचारतात. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

"ते म्या जाणते, बाळा." मग त्या हेलनबाईंकडं वळून म्हणाल्या, "बर्री." म्हणजे या. घाईत किंवा मायेत असल्या की त्यांच्या तोंडी कानडी यायचं.

मग ती सगळी वरात हेलनबाईंच्या चालीनं निघाली. दहा पावलं, थांबणं. दहा पावलं, थांबणं. अक्का त्यांच्या शेजारी, हात धरलेला नाही, पण धरता येईल इतका जवळ. दोन काठ्यांचा आवाज दगडांवर वाजत होता. पुढचे लोक मागं वळून बघत होते. टोपीवाला एक उंच माणूस सारखा घड्याळ वर करायचा. "उपळी बुरूज कधी?" असं त्यानं मला दोनदा विचारलं. मी काय सांगणार? मी म्हटलं, "सर, स्लोली."

पण हळू चालल्यामुळं माणसं इकडं तिकडं बघायला लागली. कुणी चुन्यावर बोट फिरवलं. अक्कांनी सासू-सुनेचं सांगितलं, मी ते इंग्रजीत केलं, आणि त्या सगळ्या बायका इतक्या मोठ्यानं हसल्या की मला वाटलं, सासू-सून त्यांच्याकडंही असतीलच. एका कठड्यावर हेलनबाई दम खायला बसल्या, तर आणखी चौघीजणी त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांनाही दम लागला होता. मघापासून सांगत नव्हत्या, एवढंच.

पाणी महालापाशी पोचायलाच वेळ निघून गेला. आता खाली उतरायचा जिना होता, अरुंद आणि अंधारा. हेलनबाईंनी तो बघितला आणि मान हलवली. त्यांना तो जमण्यासारखा नव्हताच. चिन्मयनं अक्कांकडं असं बघितलं, की आता तरी.

अक्कांनी त्यांना बांधाच्या कडेला सावलीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मग मला म्हणाल्या, "समद्यांना आत घिऊन जा. आन् सांग, देवाला जाऊन आलेलं माणूस घरी राहिलेल्यासाठी भंडारा आणतं. मोकळ्या हातानं येत न्हाय. ह्यांनी आतनं एकेक गोष्ट आणायची, हेलनबाईसाठी. बगितलेली. एकानं आणली ती दुसऱ्यानं आणायची न्हाय."

मला हे इंग्रजीत सांगायला जड गेलं. भंडाऱ्याला काय म्हणायचं? मी म्हटलं, आमच्याकडं देवाची हळद असते, जो जातो तो न गेलेल्यासाठी घेऊन येतो. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग आत गेले.

मी आजवर कितीतरी लोकांना पाणी महालात नेलंय. एरवी लोक आत शिरतात, फोटो काढतात आणि बाहेर येतात. त्या दिवशी कुणी फोन बाहेर काढला नाही. सगळे कोपरे शोधत होते. एक बाई कितीतरी वेळ नुसती छताकडं बघत उभी होती. दोघांचं भांडण झालं, कारण दोघांना खिडकीच हवी होती.

मग एकेकजण बाहेर येऊन हेलनबाईंसमोर उभा राहिला. कुणी सांगितलं, आत दगड घामेजल्यासारखा गार लागतो. कुणी सांगितलं, खिडकीतून बघितलं की वाटतं घरच पाण्यात उभं आहे. एका बाईनं सांगितलं, भिंतीवर कुणीतरी अक्षरं कोरली आहेत, मला ती वाचता आली नाहीत, पण कोरणाऱ्याचा हात फार सुंदर असणार. एकानं वटवाघळाची नक्कल केली. हेलनबाई हसत होत्या, मध्येच डोळे मिटत होत्या, आणि अक्का त्यातलं निम्मंही कळत नसताना प्रत्येकाला मान डोलावून दाद देत होत्या.

शेवटी टोपीवाला आला. त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. त्यानं त्या दोन काठ्या हळूच बाजूला सरकवल्या. मग खाली गुडघ्यावर बसला, हेलनबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या तळव्यावर बोटानं तो जिना काढून दाखवला. इथं वळतो, इथं अंधार होतो, इथं पायरी मोठी आहे, इथं अचानक उजेड येतो. पायरी न् पायरी.

उपळी बुरूज राहिलाच. बस चांगलीच उशिरा सुटली. विजापूरलाही त्यांची घाई झाली म्हणे. आठवड्याभरानं चिन्मयचा मला फोन आला. तक्रार आली होती. मुख्य ठिकाण दाखवलं नाही, वेळेचं नियोजन नाही. तक्रार टोपीवाल्याचीच होती. मी पुष्कळ दिवस त्यावर विचार केला. मला वाटतं, तो तळवाही खरा होता आणि तक्रारही खरी होती. त्यानं बुरुजाचे पैसे भरले होते.

"अक्कांबद्दल वाईट वाटतं," चिन्मय म्हणाला, "पण आम्हाला पुढं चालणारा गाईड हवाय. तुझा बॅज आला ना?"

मी दुकानात गेले, तेव्हा अक्का गल्ल्यावर बसल्या होत्या. शिवलिंगप्पा मामांनी त्यांच्यासाठी स्टुलावर नवी उशी घातली होती. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुला बोलावलंय ना? जा."

"अक्का, मला बरं वाटत नाही असं जायला."

"येडी हायस. तू न्हाय गेलीस तर सोलापूरचं कुणीतरी ईल, त्याला चिंचंचं झाड बी ठाव नसंल. आन् फुडनंच चाल. तुझी उंची एवढीशी, मागनं कुणाला दिसणार हायस तू?" मामा हसले, मीही हसले. अक्कांनी मला शेंगदाणे दिले. त्यांनी त्या दिवसाबद्दल एकदाही, तसं करायला नको होतं, असं म्हटलं नाही. आणि काम गेल्याचं दुःख नाही असंही दाखवलं नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "बागंत फुलं आली का गं?" त्या आवाजात मला ते ऐकू आलं.

मी झेंडा घेऊन पुढं चालले. हंगामभर चालले. सगळी ठिकाणं वेळेत दाखवली. बसमध्ये राहणारं कुणी ना कुणी प्रत्येक खेपेला असायचं. आत गेलेल्यांना मी अक्कांचंच सांगायची, मागं राहिलेल्यांसाठी एकेक गोष्ट आणा. मला तेवढंच जमत होतं.

त्या हंगामातली शेवटची खेप होती. त्यानंतर मी पुढच्या शिक्षणासाठी सोलापूरला आले, त्यामुळं माझीही ती शेवटचीच. त्या दिवशी रेल्वेला उशीर झाला होता, बस दुपारी आली. आम्ही उपळी बुरूज करून लवकर उतरलो. दरवाजातून बाहेर आले तर बसच्या सावलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिसल्या. त्यांवर आमचे मागं राहिलेले नवरा-बायको बसले होते आणि त्यांच्यासमोर एका उपड्या क्रेटवर गौराक्का. अंगावर बॅज नाही, पायात ते पांढरे बूट.

मी जवळ गेले. "अक्का, तुम्ही इथं? मामा?"

"दुपारी दुकान झोपतंय. म्या न्हाय झोपत," त्या म्हणाल्या. "म्हटलं बघावं, कोण एकलं बसलंय का."

तेवढ्यात बाकीचे लोक येऊन पोचले. सांगितल्याप्रमाणे त्या दोघांभोवती जमून एकेक गोष्ट सांगू लागले. एक म्हातारा, लाल चेहऱ्याचा, धापा टाकत सगळ्यात शेवटी आला. त्याला वाटलं, क्रेटवर बसलेली ही बाईही न गेलेल्यांपैकीच आहे. तो तिच्याचसमोर उभा राहिला आणि उपळी बुरूज सांगू लागला. केवढा उंच, पायऱ्या किती चढ्या, वर गेल्यावर वाऱ्यानं कशी टोपी उडवली, तोफ किती लांब, हे सगळं हात पसरून पसरून. तिथून त्याला खाली ज्वारीची शेतं दिसली होती आणि हायवेवरचे ट्रक मुंग्यांसारखे.

त्या बुरुजावर अक्का किती वेळा चढल्या असतील, याचा हिशेब त्यांच्याकडंही नसेल. मी सांगायला पुढं झाले, तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्या हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. "व्हय? सो बिग?" म्हाताऱ्याला आणखी चेव आला. त्यानं वाऱ्याचा आवाज काढून दाखवला. "अगं बाई!" अक्का म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच मोठे झाले.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. चिन्मय दारात उभा राहून टाळ्या वाजवत सगळ्यांना बोलावू लागला. अक्कांनी त्याच्याकडं न बघताच एक हात वर केला.

"सबुर जरा," त्या म्हणाल्या, "ह्यांचं सांगून व्हायचंय अजून."